पार्सल बांधणाऱ्यांचं काय? राज्य शासनाला खुले पत्र

ठाणे, २६ एप्रिल २०२१

माननीय मुख्यमंत्री महोदय, आणि मदत, आरोग्य व कामगार या विषयांचे निर्णय घेणारे सर्व मंत्री व अधिकारी,

सविनय नमस्कार.

१३ एप्रिलला तुम्ही कोरोनाच्या साथीमुळे निर्बंध जाहीर केलेत आणि त्याबरोबर ५,४७६ कोटी रुपयांची मदतही जाहीर केलीत. नोंदणीकृत बांधकाम कामगार, नोंदणीकृत घरेलू कामगार, परवानाधारक रिक्षाचालक आणि अधिकृत फेरीवाले यांना प्रत्येकी दीड हजार रुपये. अन्नसुरक्षा योजनेतल्या लाभार्थ्यांना माणशी तीन किलो गहू आणि दोन किलो तांदूळ मोफत. शिवभोजन थाळी महिनाभर मोफत. हे सगळं योग्य केलंत. ज्यांना मिळणार आहे त्यांच्या गरजेबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही, त्यातले कितीतरी माझ्याच चाळीत राहतात.

पण त्याच दिवशीच्या आदेशात हॉटेलं बसून जेवायला बंदच राहिली आणि स्वयंपाकघरं घरपोच सेवेसाठी चालू राहिली. म्हणजे त्या स्वयंपाकघरांत कुणीतरी उभं राहून काम करणार, हे तुम्ही धरून चाललात. मदतीच्या यादीत मात्र हॉटेल कामगार कुठेच नाहीत. ती यादी मी दोनदोनदा वाचली, शेजारच्या मुलाकडून वाचून घेतली. आम्ही नाही आहोत. गेल्या वर्षीही नव्हतो. म्हणून हे पत्र.

मी नौपाड्यातल्या एका छोट्या हॉटेलात पार्सल काउंटर सांभाळते. वय एकेचाळीस, राहायला कळव्याला. घरात सासरे, दोन मुलं आणि मी, खोली एकच. मालक जे हातावर ठेवतात त्यात भाडं, मुलांचे मोबाइलचे रिचार्ज आणि सासऱ्यांची औषधं भागवायची असतात. आमच्याकडे महामारीच्या आधी तेरा-चौदा माणसं होती: दोन आचारी, तंदूरवाला, चायनीजच्या कढईवरचा एक, हेल्पर, भांडी घासणाऱ्या दोन बायका, वेटर, आणि काउंटरवर मी. आता आठ उरलोय. काम मात्र आठ जणांचं नाही.

बाहेरून दिसतं ते एवढंच, की मोबाइलवर ऑर्डर टाकली आणि अर्ध्या तासात पिशवी आली. त्या अर्ध्या तासात काय असतं ते तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सध्या किराणा, भाजी, चिकनची दुकानं सकाळी अकराला बंद होतात. म्हणून दिवसाची सगळी खरेदी त्याआधी करायची. दुपारी पनीर संपलं तर संपलं. कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही सकाळीच शिजवून ठेवायची, कणीक तिंबायची, बिर्याणीचा तांदूळ अर्धा शिजवून निथळायचा. मग ऑर्डरींचा टॅबलेट वाजायला लागतो, चिठ्ठ्या निघायला लागतात. दाल गरम असताना डब्यात भरली की झाकणाखाली वाफ धरते आणि ती रायडरच्या पिशवीत सांडते. म्हणून झाकणावर आधी प्लास्टिकची फिल्म ताणायची, मग रबर लावायचं. रोट्या फॉइलमध्ये, पण लगेच नाही, नाहीतर घाम सुटून चिवट होतात. कांदा-लिंबाची पुडी वेगळी. बिल स्टेपल करायचं. हे सगळं तोंडावर मास्क, हातात मोजे आणि दोन पावलांवर तंदूर पेटलेला असताना. एप्रिलच्या ठाण्यात. मास्क काढून पाणी प्यायचं तर मागच्या बोळात जावं लागतं, आणि ऑर्डरी तुंबल्या की कोणी जात नाही. आमच्या तंदूरवाल्याला गेल्या मे महिन्यात चक्कर आली होती ती त्यामुळेच.

गेल्या वर्षी प्रत्येक पिशवीवर एक चिठ्ठी चिकटवायची पद्धत सुरू झाली. त्यावर जेवण बनवणाऱ्याचं आणि बांधणाऱ्याचं शरीराचं तापमान लिहायचं. ते लिहिण्यात मला काही गैर वाटलं नाही, घेणाऱ्यालाही धीर हवा होता. पण ज्या घरांत आम्ही कधी पाऊल ठेवलं नाही त्या घरांना रोज माझ्या अंगाचा ताप-बिनताप कळत होता, आणि आमच्यापैकी किती जण या शहरात काम करतात, कुठे झोपतात, पगार मिळतो की नाही, हे शासनाच्या कोणत्याही खात्याने विचारलं नाही.

आणि आम्ही कोणाला जेवण देत होतो? मौज म्हणून मागवणारेही आहेत, त्यांचंही मागणं आम्हाला हवंच आहे, त्यावर आमचं घर चालतं. पण या महिन्यात येणाऱ्या ऑर्डरींखालच्या सूचना तुम्ही एकदा वाचायला हव्यात. “दोघंही पॉझिटिव्ह आहोत, दाराशी ठेवा, बेल वाजवून जा.” “आई एकटी आहे, तिखट अजिबात नको.” “वरण-भात मऊ करून मिळेल का?” आमच्या मेनूत मऊ वरण-भात नाही. आचाऱ्याने केला. मुगाची खिचडी मेनूत नाही, तीही केली. बाळकुमच्या कोविड रुग्णालयाबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांसाठी त्यांच्या कुणी परगावाहून पैसे भरून डबे मागवलेत. ज्या सोसायट्यांत स्वयंपाकाच्या बायकांना येऊ देत नाहीत, तिथली म्हातारी माणसं आमच्या पोळ्यांवर आहेत. मेस बंद झाल्यावर खोली घेऊन राहणारी नोकरदार मुलं आमच्याकडेच वळली. घरात सगळे आजारी पडले की चूल पेटत नाही, हे ठाण्यातल्या हजारो घरांनी या महिन्यात अनुभवलं आहे. त्यांना कोणीतरी शिजवून दिलंय.

आता तक्रारी. त्या मी क्रमाने मांडते, पण सगळ्यांचं वजन सारखं नाही, हे आधीच सांगते.

पहिली, पगाराची. २९ मार्च २०२० ला केंद्राच्या गृह मंत्रालयाने आदेश काढला, की टाळेबंदीत आस्थापना बंद असली तरी कामगारांना पूर्ण वेतन द्यायचं. आम्ही तो आदेश मोबाइलवर एकमेकांना पाठवला. मे महिन्याच्या मध्यावर तो मागे घेतला गेला, आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मालक आणि कामगारांनी आपसात बोलून तोडगा काढावा. आपसात बोलायला आम्ही कोण? आमची संघटना नाही, आमच्या हातात नेमणुकीचं पत्र नाही. मालकाने एप्रिलचा अर्धा पगार दिला, मेचा दिलाच नाही, आणि जूनपासून “जेवढे दिवस काम तेवढे पैसे” असं सुरू झालं. खाडा धरला की पैसे कापले. मालकावर मी सगळा राग काढत नाही. त्याच्याही गाळ्याचं भाडं थकलं होतं, वीजबिल येतच होतं, आणि ऑर्डर घेणाऱ्या कंपन्यांचं कमिशन वजा जाता त्याच्या हातात काय उरतं ते मी काउंटरवरून रोज बघते. पण आदेश तुम्ही काढता, आणि तो पाळला गेला की नाही हे बघायला कुणी येत नाही, ही गोष्ट मालकाची नाही, शासनाची आहे.

त्यानंतर गाडी कधी रुळावर आलीच नाही. मे २०२० मध्ये वाशीची बाजारसमिती आठवडाभर बंद राहिली तेव्हा भाजीचे भाव ऐकून मेनूतले निम्मे पदार्थ काढून टाकावे लागले. श्रमिक गाड्या सुरू झाल्या तसा आमचा गढवालचा आचारी गेला, हेल्पर गेले. नाशिक महामार्गाने पायी निघालेली माणसं तर सगळ्या ठाण्याने पाहिली आहेत, त्यात आमच्या धंद्यातली किती होती याचा हिशेब कुणी ठेवला नाही. मागे राहिलेल्यांनी सगळी कामं वाटून घेतली, मी काउंटर सोडून ग्रेव्हीला उभी राहिले. जुलैत ठाण्यात पुन्हा कडक टाळेबंदी. ५ ऑक्टोबरला निम्म्या टेबलांची परवानगी मिळाली तेव्हा वेटर परत आले, उधारी फेडायला सुरुवात झाली. आणि या एप्रिलमध्ये पुन्हा तेच.

दुसरी तक्रार चाचणी आणि लसीची, आणि ही मला सगळ्यांत जास्त टोचते. या महिन्याच्या सुरुवातीच्या आदेशात म्हटलं आहे, की घरपोच सेवेतल्या प्रत्येकाने लवकरात लवकर लस घ्यावी, आणि तोवर कोविड चाचणीचा निगेटिव्ह अहवाल जवळ ठेवावा. तो अहवाल पंधरा दिवसच चालणार. १० एप्रिलपासून अहवाल नसेल तर कामगाराला एक हजार रुपये दंड आणि आस्थापनेला दहा हजार.

आता आमच्या हॉटेलातून सायकलवर आसपासच्या गल्ल्यांत डबे पोचवणारा मुलगा बावीस वर्षांचा आहे. १ एप्रिलपासून लस ४५ वर्षांवरच्यांना आहे. त्याने लस घ्यायची कुठून? मी एकेचाळीस वर्षांची, मलाही नाही. आठ जणांतला फक्त एक माणूस लसीच्या वयात बसतो. पोलीस, पालिका कर्मचारी, महसूल कर्मचारी यांना फेब्रुवारीत आघाडीचे कर्मचारी म्हणून लस मिळाली, ते योग्यच झालं. पण जेवण पोचवणाऱ्याला लस घेण्याची सक्ती आणि त्याच्या वयाला लस बंद, या दोन गोष्टी एकाच वेळी कशा लागू होऊ शकतात, याचं उत्तर मला हवं आहे. उरली चाचणी. प्रयोगशाळेत जाऊन आरटीपीसीआर केली तर तुम्हीच ठरवून दिलेला दर ५०० रुपये. पंधरा दिवसांनी एक, म्हणजे महिन्याला हजार. अँटिजेन स्वस्त आहे, ती चालते असंही नंतर सांगण्यात आलं. पण पालिकेच्या केंद्रावर रांग एवढी की अर्धा दिवस जातो, आणि अर्धा दिवस गेला की अर्धी हजेरी जाते. त्या मुलाचा दिवसाचा पगार मी इथे लिहीत नाही, तो वाचेल आणि त्याला वाईट वाटेल. पण दंडाची रक्कम ठरवताना कुणाच्यातरी समोर तो आकडा असायला हवा होता.

तिसरी, प्रवासाची. फेब्रुवारीपासून ठरावीक वेळांत सगळ्यांना लोकल मिळत होती. पहाटेच्या पहिल्या गाडीपासून सकाळी सातपर्यंत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. आमच्या कामाच्या वेळा त्यात कशाबशा बसत होत्या. २२ एप्रिलच्या रात्रीपासून कामावर जायला लोकल फक्त सरकारी आणि वैद्यकीय कर्मचाऱ्यांना. आमच्या भांडी घासणाऱ्या ताई बदलापूरहून येतात. आता एसटीने कल्याण, कल्याणहून पुढची बस, आणि परतीला तेच. हेल्पर दिव्याला राहतो. दिव्याहून ठाण्याला लोकलने किती मिनिटं लागतात आणि रस्त्याने किती, हे ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्या कुणालाही सांगावं लागू नये. तो शीळफाट्यापर्यंत चालत येतो आणि मिळेल त्या गाडीने पुढे. मी कळव्याची, पूल ओलांडून चालत येते, त्यामुळे माझं त्यातल्या त्यात सुखाचं. रस्त्यात अडवलं की विचारतात, “अत्यावश्यक सेवेत आहात का?” आमचं काम तुमच्या आदेशात परवानगी असलेल्या कामांमध्ये येतं, अत्यावश्यक सेवांच्या यादीत येत नाही. ओळखपत्र द्यायचं मालकाला सांगितलं, त्याने लेटरहेडवर लिहून दिलं. ते कधी चालतं, कधी चालत नाही. ज्याने अडवलं त्याच्या मर्जीवर.

काउंटरवरून पार्सल नेण्याचंही लिहायला हवं, ती माझीच जागा आहे. १४ एप्रिलपासून गिऱ्हाइकाने हॉटेलात येऊन पार्सल घेऊन जायचं नाही, फक्त घरपोच. रस्त्यावरच्या खाद्यविक्रेत्यांना मात्र सकाळी सात ते रात्री आठ पार्सल देता येतं. त्यांचं काढून घ्या असं मी कधीही म्हणणार नाही, त्यांचे हाल आमच्यापेक्षा कमी नाहीत. पण वडापावच्या गाडीवर उभं राहून पार्सल घेता येतं आणि दाराबाहेर खुणा आखलेल्या हॉटेलातून घेता येत नाही, यामागचं कारण मला समजलेलं नाही. परिणाम हा झाला, की जी गिऱ्हाइकं थेट आमच्याकडून नेत होती ती सगळी मोबाइल ॲपवर गेली, आणि त्यातला मोठा वाटा कमिशनमध्ये गेला. तो वाटा आमच्याच पगारातून भरून काढला जातो.

सोसायट्यांबद्दल दोनच वाक्यं, कारण हे पत्र त्यांच्यासाठी नाही. डबा फाटकावर घ्यायचा हा नियम ठीक आहे, पण फाटकावर सावली असावी, पाण्याचा नळ असावा, आणि पोचवणाऱ्या मुलाच्या अंगावर जंतुनाशक फवारू नये.

शेवटची तक्रार आजारपणाची. या महिन्यातच आमच्या तंदूरवाल्याला ताप आला. तो हॉटेलच्या पोटमाळ्यावर इतर तिघांबरोबर झोपतो. माळ्यावर उभं राहिलं तर डोकं छताला लागतं, खिडकी नाही. तिथे विलगीकरण कसं करायचं? अहवाल पॉझिटिव्ह आला, त्याला पालिकेच्या केंद्रात नेलं, तो बरा होऊन आला. केंद्रातल्या माणसांनी चांगलं वागवलं असं तो सांगतो, ते मी मुद्दाम लिहिते. पण त्या सगळ्या दिवसांचा पगार गेला. माळ्यावरच्या बाकी तिघांना ताप लपवावासा वाटला असेल तर त्यांना दोष कोण देणार? आणि हीच माणसं तुमच्या-आमच्या घरात जाणारं जेवण शिजवतात. आजारी माणसाला पगारी सुट्टी मिळाली तरच तो ताप सांगेल. संसर्ग रोखायचा असेल तर सुरुवात इथून करावी लागेल.

याला उपाय नाही असं नाही. ठरावीक संख्येइतके कामगार असलेल्या आस्थापनेला राज्य कामगार विमा योजना लागू होते. महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असलेला कामगार त्यात येतो आणि आजारपणात त्याला पगाराचा सत्तर टक्के भाग मिळू शकतो. वागळे इस्टेटमध्ये त्या योजनेचं रुग्णालय आहे, आमच्या हॉटेलापासून रिक्षाने जाण्याच्या अंतरावर. आमच्यापैकी एकाकडेही त्याचं कार्ड नाही. आम्ही तेरा-चौदा होतो तेव्हासुद्धा हजेरीपटावर नावं त्याहून कमीच होती. हे असं कितीतरी ठिकाणी चालतं, आणि ज्यांनी तपासायचं ते तपासत नाहीत.

आता मागण्या. त्या साध्या आहेत आणि बहुतेकांसाठी नवा कायदा लागत नाही.

दीड हजारांच्या मदतीत हॉटेल, उपाहारगृह, खानावळ, पोळी-भाजी केंद्र आणि बेकरीत काम करणाऱ्यांना घ्या. “यांची नोंदणी नाही, ओळखायचं कसं?” असं उत्तर येईल हे मला माहीत आहे. प्रत्येक परवानाधारक स्वयंपाकघराला अन्नसुरक्षा कायद्याखाली चौदा आकडी क्रमांक आहे, तो परवान्यावर असतो. अन्न हाताळणाऱ्या माणसाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी आणि तिची नोंद ठेवावी, असाही नियम आहे. म्हणजे कुठल्या स्वयंपाकघरात कोण काम करतं याचा कागद असायला हवा. तो कागद मागवा. मालक नावं कमी दाखवेल अशी शंका असेल, आणि ती यायलाच हवी, तर कामगाराचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र घ्या आणि प्रभाग समितीकडून खात्री करून घ्या. धान्याचंही तसंच. माझ्याकडे केशरी कार्ड आहे, पण प्राधान्य कुटुंबात नाव नाही, म्हणून ते मोफतचं धान्य मला नाही. माळ्यावर झोपणाऱ्या मुलांकडे इथलं कार्डच नाही. हॉटेल बंद असतं त्या दिवशी दुसऱ्यांसाठी शिजवणारी ही मुलं शिवभोजन केंद्राच्या रांगेत उभी असतात. त्यांना कार्ड न विचारता धान्य द्या.

ज्यांच्यावर चाचणीची सक्ती आहे त्यांची चाचणी मोफत करा, आणि पालिकेच्या केंद्रांवर त्यांच्यासाठी सकाळची वेळ राखून ठेवा. आमचा दिवस साडेदहाला सुरू होतो, त्याआधी मोकळं झालो तर हजेरी जात नाही. आणि ज्या वयाला लस उपलब्ध नाही त्या वयाच्या कामगाराला दंड लावू नका. ज्यांनी भरला आहे त्यांना परत करा.

१ मेपासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना लस देता येईल असं केंद्राने जाहीर केलं आहे, नोंदणी २८ तारखेपासून. लस कमी आहे हे आम्हालाही दिसतं. म्हणूनच म्हणते, की पहिल्या खेपेत अन्न शिजवणारे, बांधणारे आणि पोचवणारे घ्या. रोज शंभर घरांशी ज्याचा संबंध येतो त्याला आधी लस देण्यात त्या शंभर घरांचंही भलं आहे. आणि सगळं मोबाइलवरच्या नोंदणीवर सोडू नका. आमच्या भांडी घासणाऱ्या दोघींकडे साधा फोन आहे. नोंदणीची वेळ खुली झाल्यावर जी मुलं भराभर बोटं चालवतील त्यांच्याच वाट्याला लस जाणार असेल तर या दोघींची पाळी कधी येईल? प्रभागात ठरलेल्या दिवशी, परवाना क्रमांक आणि आधार कार्ड दाखवून, थेट लस मिळू द्या.

घरपोच सेवेतल्या स्वयंपाकघरांच्या कामगारांना पालिकेने ओळखपत्र द्यावं आणि त्यावर लोकलचा प्रवास चालावा. सरसकट नको, जिथे रस्त्याने धड पर्याय नाही त्या दिवा, बदलापूर, कसारा बाजूच्या लोकांना तरी. दाराबाहेरून पार्सल देण्याची परवानगी रस्त्यावरच्या विक्रेत्यांप्रमाणेच हॉटेलांना द्या, अंतराच्या अटी हव्या तेवढ्या कडक ठेवा. कामगार पॉझिटिव्ह निघाला तर विलगीकरणाच्या दिवसांचा पगार कापता येणार नाही, असं आदेशात लिहा, आणि लहान मालकाला तो झेपत नसेल तर त्यात शासनाने वाटा उचलावा. विमा योजनेसाठी हजेरीपटाची तपासणी करा, तीही मालकाला आधी कळवून नव्हे.

आणि सगळ्यांत मोठी मागणी, जिला वेळ लागेल हे मला मान्य आहे. याच राज्याने १९६९ मध्ये माथाडी आणि हमालांसाठी कायदा केला, मंडळं काढली. सुरक्षारक्षकांसाठी केलं. २००८ मध्ये घरेलू कामगारांच्या कल्याणकारी मंडळाचा कायदा केला. अशा मंडळांत नोंद होती म्हणूनच बांधकाम कामगारांच्या आणि घरेलू कामगारांच्या खात्यात या वेळी पैसे पोचू शकणार आहेत. माझ्या शेजारणीने, जी चार घरी धुणीभांडी करते, काही वर्षांपूर्वी मंडळात नाव घातलं होतं. तिला मदत मिळेल. मी तिच्याच भिंतीपलीकडे राहते, माझंही हातावरचं पोट, पण मला नाव घालायला मंडळच नाही. हॉटेल आणि खाद्यगृह कामगारांचं कल्याणकारी मंडळ स्थापन करा. मालक, ऑर्डर घेणाऱ्या कंपन्या आणि शासन या तिघांनी त्यात पैसे घालावेत. प्रत्येक ऑर्डरच्या बिलात पॅकिंगचे पैसे वेगळे लावले जातातच, त्यातला थोडा भाग पॅकिंग करणाऱ्या हातांसाठी बाजूला काढणं अवघड नाही.

पत्राखाली मी नाव घालत नाहीये. नाव छापलं तर काम जाईल, आणि माझ्या घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. हॉटेलचं नावही लिहिलेलं नाही, कारण जे इथे चालतं ते घंटाळी, पाचपाखाडी, वर्तकनगरपासून वाशी-नेरुळपर्यंत सगळीकडे तसंच चालतं, आणि एका मालकावर कारवाई करून हा प्रश्न सुटणार नाही. खात्री करायची असेल तर ठाण्याच्या कुठल्याही चार स्वयंपाकघरांत दुपारी दोन वाजता अधिकारी पाठवा. मागच्या दाराने पाठवा, आणि मालकाला बाहेर थांबवून कामगारांशी बोला.

सध्याच्या आदेशाची मुदत १ मेला सकाळी सात वाजता संपते. मुदत वाढणार असं सगळे म्हणताहेत, आणि रुग्णालयांची स्थिती बघता ती वाढवावी लागली तर आमची त्याला हरकत नाही. पण पुढचा आदेश निघेल त्यात चाचणी मोफत, वयात न बसणाऱ्यांना दंड नाही आणि दीड हजारांच्या यादीत खाद्यगृह कामगार, एवढ्या तीन गोष्टी तरी असाव्यात. बाकीच्यांसाठी आम्ही थांबू आणि पुन्हा लिहू.

आपली,
पार्सल काउंटरवरची एक कामगार,
नौपाडा, ठाणे